‘गोड’ म्हटल्यावर हसू नका

सहावीत शिकणारी माझी भाची सुट्टीत आमच्याकडे आली होती. तिचे अब्बा कौतुकाने म्हणाले, “बेटा, खालाला इंग्रजीत काहीतरी सांग.” पोरीने मान खाली घातली. रात्री माझ्याशेजारी पडल्यावर तिने कारण सांगितले. वर्गात बोलताना ती ‘वेंट’ऐवजी ‘गोड’ म्हणाली होती. टीचर हसल्या, मग सगळा वर्ग हसला. मैत्रिणी तिला ‘गोड गोड’ म्हणून चिडवू लागल्या. त्या दिवसापासून इंग्रजीच्या तासाला तिने हात वर केलेला नाही.

खरे तर ती चूक शाबासकीची होती. भूतकाळासाठी क्रियापदाला ‘एड’ लावायचे, हा नियम मुलीला कळला होता. तो तिने ‘गो’ला लावून पाहिला. ज्यांच्या घरी इंग्रजीच बोलली जाते, ती लहान मुलेही ‘गोड’ म्हणतात आणि पुढे आपोआप सुधारतात. मग शिक्षिका हसल्या का?

त्यांचीही एक बाजू आहे. महाराष्ट्रात 2000 साली मराठी, उर्दू अशा सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. जे शिक्षक स्वतः पाचवीत एबीसीडी शिकले, त्यांच्या हाती हा विषय पडला. आपली चूक उघडी पडेल ही धास्ती अनेकांच्या मनात आजही असते. स्टाफरूममध्ये “मला हे येत नाही” असे म्हणण्याची सोय नाही. मग गाइडमधली उत्तरे फळ्यावर उतरवायची आणि पोर्शन संपवायचा. शिक्षकाची भीती अशी मुलांपर्यंत पोहोचते.

या भीतीचे मूळ जुने आहे. 1961 मध्ये युगांडातील मकेरेरे येथे इंग्रजी अध्यापनावर राष्ट्रकुल परिषद भरली होती. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी आणि जिची मातृभाषा इंग्रजी तीच व्यक्ती आदर्श शिक्षक, हे विचार तिथून बळावले. रॉबर्ट फिलिपसन यांनी 1992 मध्ये आपल्या पुस्तकात हे गैरसमज असल्याचे मांडले. तरीही “वर्गात मराठी-उर्दू बोलू नये” असा दंडक आपल्याकडे भूषणाने सांगितला जातो. वास्तविक, जो शिक्षक स्वतः ही भाषा कष्टाने शिकला, त्यालाच मूल कुठे अडखळते ते नेमके ठाऊक असते. त्याची मराठी किंवा उर्दू हे त्याचे व्यंग नाही, ती त्याची शिदोरी आहे.

आपल्याच देशात याहून वेगळी वाट चोखाळून झाली आहे. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातील साध्या शाळांत एक प्रयोग केला. मुलांना रेल्वेचे वेळापत्रक किंवा नकाशा देऊन त्यावरचे प्रश्न इंग्रजीत सोडवायला सांगत. लक्ष अर्थावर असे, चुका मोजण्यावर नसे. पुढे 1990 मध्ये प्रभूंनी लिहिले की सर्वोत्तम अशी एकच पद्धत नसते. आपण शिकवतो त्यातून मूल कसे शिकते, याची जिवंत जाण शिक्षकाला हवी. शिकवणे निव्वळ सवयीचे झाले की नुकसान होते.

आपण पालकही शाळा निवडताना “टीचर फाडफाड बोलतात का?” एवढेच विचारतो. यापुढे आणखी एक प्रश्न विचारू या: मूल चुकले तर टीचर काय करतात? आणि घरी पाहुण्यांसमोर मुलांना इंग्रजी बोलून दाखवायला लावणे आपणही थांबवू या.

बाजी शाळेत जाऊन त्या टीचरना भेटून आली. तक्रार म्हणून नव्हे, मुलगी गप्प झाली आहे एवढेच सांगायला. टीचर क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “माझे सरही असेच हसायचे.” भाचीचा हात अजून वर गेलेला नाही. पण परवा फोनवर तिने मला इंग्रजीत दोन वाक्ये ऐकवली. एक चुकले होते. मी हसले नाही. म्हटले, “पुढे काय झाले? सांग ना.”