मांडवाला पदवी हवी का?

पाचूबंदरात लग्नासणाचा मांडव उभारताना दिव्यांचे, ध्वनिक्षेपकाचे काम पोरे मिस्त्रीच्या हाताखाली शिकतात. पदवी कोणी विचारीत नाही. मग पदवी निरुपयोगीच का?

१००० वॉटचा दिवा २३० व्होल्टवर सुमारे ४.३५ अँपिअर वीज ओढतो. असे वीस दिवे म्हणजे ८७ अँपिअर. वायर त्या मानाने बारीक असली तर तापते, पेटते. आणि खाली माणसे बसलेली असतात! हा हिशेब बी. ए. च्या वर्गात नाही, तो मिस्त्रीजवळच आहे. पण ध्वनिक्षेपकाला २००० सालच्या नियमांप्रमाणे लेखी परवानगी लागते. तो अर्ज, त्यातील अटी, कंत्राटाचा कागद नीट वाचून मगच सही करण्याची सवय शिक्षणाने लागते.

तात्पर्य, कामाला लागायला पदवी नको. परंतु काम अंगावर घेणाऱ्याला मोजणे आणि वाचणे, दोन्ही आले पाहिजे.