नकार आणि असमर्थता : एका ओळख-सेवेचे उदाहरण

'मला चालवत नाही' आणि 'मी चालत नाही' या दोन वाक्यांतील भेद मराठी शक्य क्रियापदाने स्पष्ट करते. यंत्र बंद पडले असता हाच भेद प्रथम पाहिला पाहिजे.

लिनक्स संगणकांवर मध्यवर्ती नोंदींवरून वापरकर्त्याची ओळख पटविण्याचे कार्य पुष्कळ ठिकाणी 'एसएसएसडी' ही सेवा करते. ती सुरू झाली नाही, तर विभागाच्या भाषासामग्रीवर काम करणाऱ्या सर्वांचाच प्रवेश एकदम थांबतो. अशा वेळी सेवा काढून पुन्हा बसविण्याची घाई होते, ती टाळावी. स्थानिक रूट खाते या सेवेवर अवलंबून नसते. त्या खात्याने प्रवेश करून 'जर्नलसीटीएल' या आज्ञेने सेवेच्या नोंदी वाचाव्यात.

वारंवार आढळणारे एक कारण असे : 'एसएसएसडी.कॉन्फ' ही फाइल जुन्या प्रतीवरून पुन्हा ठेवताना तिची परवानगी ०६४४ होते. म्हणजे ती कोणालाही वाचता येते. या फाइलीत निर्देशिकेचा परवलीचा शब्द उघड लिहिलेला असू शकतो. म्हणून पुष्कळ आवृत्त्यांत सेवा सुरू होण्याचेच नाकारते. मालकी रूटकडे व परवानगी ०६०० केली, की ही अडचण दूर होते. अडथळा तरीही राहिल्यास 'एसएसएससीटीएल कॉन्फिग-चेक' या आज्ञेने फाइलीतील लेखनदोष शोधावेत.

सारांश, येथे सेवेला चालवत नाही असे नसून ती चालत नाही. आणि तिच्या नकाराचे कारण नोंदीत लिहिलेले असते. ते न वाचता केलेली दुरुस्ती ही केवळ अटकळ होय.