ब्राउझरची निवड आणि खासगीपणा : कोणापासून आणि किती?

‘खासगी’ हा शब्द मराठीत अरबी-फारसीच्या वाटेने आला. मूळ अरबी ‘खास’ म्हणजे विशेष, स्वतःपुरते. इंदूरच्या होळकर राज्यात ‘खासगी’ आणि ‘दौलत’ अशी दोन खाती निराळी असत. खासगीचे उत्पन्न लपवलेले नसे, ते सर्वांना माहीत असे. फक्त त्याचा हिशेब दौलतीच्या हिशेबात मिसळत नसे. इंटरनेटवरील खासगीपणाचा विचार करताना शब्दाचा हा जुना अर्थ अधिक उपयोगी पडतो. महाविद्यालयातील अध्यापकाला सहसा काही लपवायचे नसते. आपले बँक खाते, विद्यार्थ्यांचे गुण, घरातील आजारपणाविषयी घेतलेला शोध आणि रात्रीचे वाचन ही सर्व एकत्र होऊन एखाद्या तिऱ्हाइताच्या वहीत जाऊ नयेत, एवढीच त्याची अपेक्षा असते.

मात्र हा तिऱ्हाईत एक नाही. त्याच संगणकावर नंतर बसणारा सहकारी, इंटरनेटची जोडणी देणारी कंपनी, संकेतस्थळ व त्यात दडलेले जाहिरातदार, आणि खुद्द ब्राउझर तयार करणारी संस्था असे किमान चार पक्ष येथे संभवतात. एकच साधन या चौघांनाही दूर ठेवत नाही. ‘सर्वांत सुरक्षित ब्राउझर कोणता?’ या प्रश्नाला म्हणूनच सरळ उत्तर मिळत नाही. ‘कोणापासून?’ हे आधी ठरवावे लागते.

कुकी आणि तिचा प्रवास

संकेतस्थळाचा सर्व्हर स्वभावतः विसराळू असतो. एक पान पाठवले की ते मागणारा कोण होता, याची त्याला आठवण राहत नाही. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली यांनी यावर उपाय काढला. सर्व्हरने वाचकाच्या ब्राउझरपाशी एक छोटी चिठ्ठी ठेवावी आणि पुढच्या भेटीत ब्राउझरने ती परत दाखवावी. हीच कुकी. तिच्यावाचून आज ई-मेलमध्ये प्रवेश करणेही अवघड होईल. अडचण निर्माण झाली ती त्रयस्थ कुकीमुळे. वृत्तपत्राच्या पानावर जाहिरात कंपनीचा तुकडा असतो, तोच औषधांच्या दुकानाच्या पानावर आणि तोच प्रवासाच्या तिकिटांच्या पानावरही असतो. तिन्ही ठिकाणी तीच चिठ्ठी दाखवली गेल्याने त्या कंपनीला एका व्यक्तीचा दिवसभराचा माग सापडतो.

ॲपलच्या सफारीने मार्च २०२० पासून त्रयस्थ कुकी पूर्णपणे बंद केल्या. फायरफॉक्सने सप्टेंबर २०१९ मध्ये माग काढणाऱ्या ज्ञात कुकींना सर्वांसाठी अटकाव केला आणि जून २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगळ्या बरणीत ठेवण्याची पद्धत सर्वसाधारण वापरात आणली. गूगलने जानेवारी २०२० मध्ये क्रोममधून त्या दोन वर्षांत हद्दपार करण्याची घोषणा केली, मुदत वारंवार पुढे ढकलली आणि जुलै २०२४ मध्ये तो बेतच सोडून दिला. ज्या कंपनीचे मुख्य उत्पन्न जाहिरातींतून येते, तिच्या ब्राउझरकडून याहून निराळी अपेक्षा ठेवणे भाबडेपणाचे ठरले असते.

‘गुप्त’ खिडकीविषयीचा गैरसमज

क्रोममधील ‘इन्कॉग्निटो’ किंवा अन्य ब्राउझरमधील खासगी खिडकी ही चार पक्षांपैकी मुख्यतः पहिल्याविरुद्ध, म्हणजे नंतर त्या संगणकावर बसणाऱ्याविरुद्ध उपयोगी आहे. खिडकी बंद करताच भेटींची नोंद व कुकी पुसल्या जातात. इंटरनेट कंपनीला, महाविद्यालयाच्या नेटवर्कला आणि भेट दिलेल्या संकेतस्थळाला मात्र जे दिसायचे ते दिसतेच. शिवाय उतरवून घेतलेली फाइल संगणकावर तशीच राहते. प्रश्नपत्रिका खासगी खिडकीत उघडून ‘डाउनलोड्स’मध्ये विसरून जाण्याचा प्रकार स्टाफरूममध्ये नवा नाही.

याच गैरसमजावरून जून २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात गूगलविरुद्ध दावा दाखल झाला. इन्कॉग्निटो वापरत असतानाही माहिती गोळा केली जाते, अशी वादींची तक्रार होती. एप्रिल २०२४ मध्ये समोर आलेल्या तडजोडीत गूगलने अशा अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले.

लिपी, फॉन्ट आणि ब्राउझरचा ठसा

कुकी पुसता येते. ठसा पुसता येत नाही. पडद्याचा आकार, कालविभाग, ब्राउझरची आवृत्ती, पसंतीच्या भाषांचा क्रम, संगणकावरील फॉन्ट अशा अनेक गोष्टी संकेतस्थळाला विचारून किंवा मोजून कळतात. यांतील एकेक गोष्ट सामान्य असली तरी त्यांची जुळणी बहुधा दुर्मीळ असते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे पीटर एकर्सली यांनी २०१० मध्ये ४,७०,१६१ ब्राउझरांचे ठसे तपासले, तेव्हा त्यांतील ८३.६ टक्के ठसे एकमेवाद्वितीय आढळले. ही माणसे स्वतःहून चाचणीला आलेली होती, हे लक्षात घ्यावे. पुढे २०१८ मध्ये फ्रान्समधील एका व्यावसायिक संकेतस्थळावरील सुमारे २० लाख ठशांच्या अभ्यासात हे प्रमाण ३३.६ टक्के निघाले. म्हणजे धोका सर्वांना सारखा नाही. जो गर्दीसारखा आहे तो गर्दीत मिसळतो, ज्याचा संगणक वेगळा आहे तो उठून दिसतो.

दोन लिपींत काम करणाऱ्या अध्यापकांनी येथे थोडे थांबायला हवे. समजा, बेळगावच्या एखाद्या प्राध्यापकाच्या संगणकावर उर्दूसाठी जमील नूरी नस्तालीक आहे, मराठीसाठी श्रीलिपी आणि जुन्या टंकलेखनाचे आणखी चार फॉन्ट आहेत, ब्राउझरमध्ये मराठी, उर्दू, इंग्रजी असा भाषाक्रम लावलेला आहे. हा संच गावात दुसऱ्या कोणाकडे असेल का? ठराविक शब्द निरनिराळ्या फॉन्टमध्ये मांडून त्यांची रुंदी मोजली की कोणते फॉन्ट आहेत याचा अंदाज संकेतस्थळाला बांधता येतो, आणि वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही. भाषेवरील निष्ठाच येथे ओळखचिन्ह बनते.

यावर भाषा सोडणे हा अर्थातच उपाय नाही. युनिकोड सर्वत्र चालू लागल्यावर ज्या जुन्या फॉन्टांचे काम संपले, ते काढून टाकता येतील. सफारी संकेतस्थळांना मुळात यंत्रणेसोबत येणारेच फॉन्ट दाखवतो. फायरफॉक्सने २०२३ मध्ये खासगी खिडकीत आणि ‘स्ट्रिक्ट’ संरक्षणात तशीच मर्यादा घातली. तिचा एक परिणाम उर्दू वाचकाला जाणवू शकतो. वाचकाच्या संगणकावरील नस्तालीक फॉन्टवर विसंबून राहणारी काही पाने अशा वेळी नस्खमध्ये दिसतात. तो बिघाड नव्हे; फॉन्ट संकेतस्थळापासून झाकला गेल्याची ती खूण आहे. ज्यांना नस्खमध्ये गझल वाचवत नाही, त्यांनी विश्वासाच्या त्या एका संकेतस्थळापुरते संरक्षण शिथिल करावे.

निवड करताना

क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा ही सर्व मंडळी क्रोमियम या एकाच पायावर उभी आहेत. सफारी व फायरफॉक्स यांची इंजिने वेगळी आहेत. फायरफॉक्समागे मोझिला ही ना-नफा प्रतिष्ठान असलेली संस्था आहे, पण तिचे बहुतांश उत्पन्न गूगल शोधयंत्राला अग्रस्थान दिल्याच्या मोबदल्यातून येते. ब्रेव्ह जाहिराती मुळातच अडवतो. तरी जून २०२० मध्ये काही पत्ते टाइप करताना तो स्वतःचे कमिशनचे संकेत आपोआप जोडत असल्याचे उघड झाले आणि ते मागे घ्यावे लागले. अगदी निष्कलंक असा पर्याय नाही. तथापि आजच्या स्थितीत रोजच्या वाचन-संशोधनासाठी फायरफॉक्स, आणि क्रोमवाचून न चालणाऱ्या शासकीय वा विद्यापीठीय पोर्टलसाठी वेगळा ब्राउझर, ही विभागणी अध्यापकाला सोयीची ठरावी. खासगी आणि दौलत निराळी ठेवण्याचाच हा प्रकार.

फायरफॉक्सच्या बाजूने आणखी एक कारण आहे. रेमंड हिल यांचे ‘युब्लॉक ओरिजिन’ हे जाहिराती व माग काढणारे तुकडे अडवणारे विनामूल्य एक्स्टेन्शन त्यात पूर्ण रूपात चालते. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यामुळे तेथे त्याची ‘लाइट’ आवृत्तीच उरली आहे.

बाकी एक्स्टेन्शन जितकी कमी तितके बरे. विशेषतः मराठी-उर्दू टंकलेखनासाठी घातलेली एक्स्टेन्शन एकदा तपासून पाहावीत. ‘सर्व संकेतस्थळांवरील तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे’ अशी परवानगी जिथे दिली जाते, तिथे पानावर लिहिलेले प्रत्येक अक्षर तिसऱ्यापर्यंत पोहोचण्याची वाट खुली होते, मग तो पासवर्ड का असेना. विंडोजमध्ये उर्दू कळफलक व मराठीचा इनस्क्रिप्ट पूर्वीपासून आहेत आणि २०१९ पासून मराठीचा उच्चारानुसारी कळफलकही आला. बाहेरच्या साधनाची गरज आता क्वचितच पडते.

व्हीपीएनच्या जाहिराती फार मोठे आश्वासन देतात. प्रत्यक्षात पत्त्यापुढे ‘एचटीटीपीएस’ असेल तर जोडणी देणाऱ्या कंपनीला संकेतस्थळाचे नाव कळते, आतील मजकूर नाही. व्हीपीएन घेतल्यावर ते नावही तिच्यापासून झाकले जाते, पण व्हीपीएनवाल्याला दिसू लागते. विश्वास एकाकडून काढून दुसऱ्यावर ठेवला, इतकेच. भारतात सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपण्याचा आदेश दिला आणि काही परदेशी कंपन्यांनी येथील सर्व्हर हलवले. फुकट व्हीपीएनपासून दूरच राहावे. टॉर ब्राउझर तीन टप्प्यांतून फिरवून माहिती नेतो, त्यामुळे तो संथ असतो. पत्रकाराला किंवा धोक्यातील तक्रारदाराला तो मोलाचा, गुणपत्रक भरायला निरुपयोगी.

ॲपपेक्षा ब्राउझर

मोबाइलवर बरीच कामे ॲपऐवजी ब्राउझरमध्ये होऊ शकतात, आणि ती तशी करणे पुष्कळदा हिताचे असते, कारण ॲपला सतत मिळणारी स्थानाची परवानगी संकेतस्थळाला सहसा मिळत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मदरबोर्ड’ या अमेरिकी वृत्तस्थळाने दाखवून दिले की, नमाजच्या वेळा व किब्ल्याची दिशा सांगणाऱ्या ‘मुस्लिम प्रो’ या लोकप्रिय ॲपमधील स्थानविषयक माहिती एक्स-मोड या दलालाकडे जात होती आणि त्या दलालाच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. ॲपच्या कंपनीने त्यानंतर एक्स-मोडशी संबंध तोडले. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या दलालाला संवेदनशील ठिकाणांची माहिती विकण्यास मनाई केली; अशा ठिकाणांत प्रार्थनास्थळेही येतात. नमाजच्या वेळा पाहण्यासाठी शहराचे नाव पुरते. क्षणाक्षणाला माणूस कुठे आहे, हे त्यासाठी कोणालाही कळण्याची गरज नाही.

स्टाफरूम आणि विद्यार्थी

सामायिक संगणकावर प्रत्येकाचे वेगळे लॉगिन असावे. ते शक्य नसेल तर खासगी खिडकी वापरावी, पासवर्ड जतन करण्यास नकार द्यावा आणि उठताना खिडकी बंद करून उतरवलेल्या फाइलही काढाव्यात. कनिष्ठ महाविद्यालयात विद्यार्थी बहुधा १८ वर्षांखालील असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अशा मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली आहे व त्यांना उद्देशून जाहिराती करण्यास मनाई केली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत शैक्षणिक संस्थांना काही मर्यादित सवलती आहेत, आणि मुख्य बंधनांसाठी १८ महिन्यांचा अवधी ठेवला आहे. त्या अवधीत महाविद्यालयांनी स्वतःचे ऑनलाइन अर्ज तपासावेत. सहलीच्या नोंदणीसाठी आधार क्रमांक कशाला, शिष्यवृत्तीच्या तक्त्याचा दुवा कोणालाही उघडता येतो का, आणि वर्ष संपल्यावर तो तक्ता कोण पुसणार, हे तीन प्रश्न त्या तपासणीत प्रथम विचारावेत.