कांडप करताना कान जपा

आमच्या गटाचं मिरची कांडप यंत्र सुरू झालं, की हातभर अंतरावरच्या बाईशीही ओरडून बोलावं लागतं. असं झालं, की तो आवाज कानांना घातक समजायचा. आमच्या एका ताईंना आता घरात मारलेली हाक ऐकू येत नाही. आवाजामुळे गेलेलं ऐकू येणं परत मिळत नाही.

कापसाच्या बोळ्याने आवाज फारसा अडत नाही. हेडफोनवर गाणी लावली, तर आवाजात भरच. म्हणून आम्ही फोमची बुचं घेतली. हात धुऊन बूच वळून बारीक करायचं, कान वर-मागे ओढून आत सरकवायचं, फुगेपर्यंत बोटाने धरायचं. सारखं काढ-घाल करावं लागत असेल, तर कान झाकणारे इअरमफ बरे; मिरचीचं बोट कानात जात नाही. कान वाहत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.