चाकं मिरवायला की चालायला?

"आई, डोळे मिट आणि अंगणात चल," ओंकार हात धरून म्हणाला, तेव्हा मला वाटलं, पहिल्या पगाराची साडी आणली असेल. डोळे उघडून बघते तर आमच्या जुन्या अल्टो ८०० ला चकचकीत अलॉय व्हील्स! टायर गुळगुळीत झाल्याची माझी दोन महिन्यांची भुणभुण पोराने मनावर घेतली होती. बारा इंची लोखंडी रिम काढून चौदा इंची, आणि वर रुंद टायर. आमचे हे चष्मा वर करून म्हणाले, "म्हातारीला पैंजण!" मी मात्र हरखून गेले. लेकाची पहिली कमाई, कौतुक वाटणारच ना!

ही गाडी म्हणजे माझी सोबतीण. बचत गटाच्या बायकांना बँकेत ने, कुणाला दवाखान्यात पोहोचव, सगळं तिच्याच जिवावर. त्या गुरुवारीही मागे तिघीजणी होत्या. मधे सातवा महिना लागलेली गटातली एक पोर, सोनोग्राफीला निघालेली. एकटी असताना गाडी कशी लोण्यासारखी चालली होती! पण वळणावरच्या खड्ड्यात मागून 'खर्रर्र' आवाज आला. पुढच्या गतिरोधकावर पुन्हा तेच. "ताई, कायतरी जळल्यावानी वास येतोय," ती पोर घाबरून म्हणाली. मी गाडी बाजूला घेतली, तिघींना रिक्षात बसवून दिलं आणि हळूहळू गॅरेज गाठलं.

तात्यांनी चाकावरच्या पोकळीत हात फिरवला. टायरच्या कडेला चांगला बोटभर चरा पडला होता. "वहिनी, थोडक्यात निभावलं. बोल्ट बसले म्हणजे चाक बसलं, असं नसतं. मागं माणसं बसली की गाडी खाली दबते आणि टायर पत्र्याला घासतो. घाटात फुटला असता म्हंजे?" माझ्या पोटात गोळाच आला.

पण लेकाला सांगायचं कसं? रात्रभर त्याच विचारात. शेवटी सकाळी चहाच्या वेळी वही-पेन्सिल घेऊन त्याच्यासमोर बसले. मी कला शाखेची, गणिताशी दहावीनंतर फारकत. पण हे गणित इतकं सोपं निघालं की माझं मलाच नवल वाटलं.

आमच्या गाडीच्या मूळ टायरवर लिहिलंय १४५/८० आर १२. म्हणजे टायरची रुंदी १४५ मिलिमीटर, कडेची उंची त्याच्या ८० टक्के, म्हणजे ११६ मिमी, आणि रिम १२ इंचांची, म्हणजे साधारण ३०५ मिमी. कडेची उंची वर आणि खाली अशी दोनदा मिळवायची. झालं चाक ५३७ मिमीचं. ओंकारने घेतलेले होते १६५/६५ आर १४. त्याची बेरीज ५७० मिमी! सहा टक्के जास्त. वरच्या बाजूची दीड सेंटिमीटरहून जास्त जागा खाल्ली, शिवाय रुंदी वाढली ती वेगळीच. बरं, एवढ्यावर भागत नाही. काटा ६० दाखवतो, तेव्हा गाडी जवळपास ६४ ने पळत असते. हा फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा, असं जाणकार सांगतात.

ओंकारने वही ओढून घेतली. "मग १५५/६५ आर १३ घेऊ! ५३२ मिमी, फक्त पाच मिमीचा फरक." मलाही पटलं. पण तात्यांनी पुढचा आकडा वाचायला लावला. आमच्या टायरवर ७४ टी आहे. ७४ म्हणजे एका टायरने पेलायचं वजन ३७५ किलो, टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतची मर्यादा. त्या तेरा इंचीवर ७३, म्हणजे ३६५ किलो. "रोज माणसं वाहणाऱ्या गाडीला मूळ आकड्यापेक्षा कमी घेऊ नये," तात्या म्हणाले. शिवाय कड जितकी बुटकी, तितका खड्ड्याचा दणका थेट रिमला! आपल्या रस्त्यांचं काय सांगायचं?

दुकानदाराने थोडे पैसे कापून चाकं परत घेतली. ओंकार दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी स्वतःच जाऊन मूळ मापाचे पाच टायर घेऊन आला, स्टेपनीसकट! कडेवरचे चार आकडेही वाचून आला होता. ३२२४ असेल तर टायर २०२४ सालच्या ३२ व्या आठवड्यातला.

मैत्रिणींनो, गाडीची चाकं बदलायची हौस जरूर करा, पण आधी गाडीचं पुस्तक उघडा. त्यात दिलेली मापं बघा. अलॉय घेताना बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, मधलं भोक आणि चाक आत-बाहेर किती बसतं, हे तिन्ही विचारा. छोट्या गाड्यांत १०० आणि ११४.३ मिमी अशी दोन वर्तुळं दिसतात आणि एकाचं चाक दुसऱ्याला चालत नाही. आणि ट्रायल रिकाम्या गाडीने नको, मागे माणसं बसवून घ्या.

पुढच्या गुरुवारी ओंकारनेच रजा काढून गाडी चालवली. मागे त्याच तिघी. गतिरोधक आला तसा त्याने रेडिओ बंद केला आणि कान टवकारले. काही आवाज नाही. आरशात बघत त्याने विचारलं, "ताई, बसलं नाही ना काही?" ती पोर हसली, "न्हाई दादा, झोपाळ्यात बसल्यावानी वाटलं."

माझी पहिल्या पगाराची भेट मला तेव्हा मिळाली.