बर्फावरचा सामना आणि ओसरीवरचे प्रेक्षक

एप्रिल महिना म्हणजे आमच्या निफाड भागात द्राक्षबागेच्या खरड छाटणीचा. माल उतरलेला, व्यापाऱ्याकडून पैसे अर्धेमुर्धे आलेले आणि ऊन डोक्यावर. अशा दिवसांत शेतकऱ्याचे घर पहाटे बर्फावरचा खेळ पाहत बसेल, असे मला कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो. पण २०२५ सालच्या एप्रिलमध्ये माझ्या धाकट्या बहिणीच्या ओसरीवर मी हेच पाहिले आणि स्वतःही त्यात सामील झालो. ती हकीकत, आणि तिच्या ओघाने त्या खेळाची माहिती, आज तुमच्यापुढे ठेवतो.

माझा भाचा अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात, पेन स्टेट विद्यापीठात मृदाशास्त्र शिकतो. शिक्षणासाठी बँकेचे कर्ज काढले आहे. तो गेल्यापासून घरचा फोन ठरावीक झाला होता. 'जेवलास का? थंडी किती? पैसे पुरतात ना?' एवढे विचारून झाले की मेहुणे फोन बहिणीच्या हाती देत. पोरगा 'सगळं ठीक आहे' म्हणे. बहीण मला म्हणाली, "दादा, ठीक आहे म्हणतो, पण आवाज ठीक नाही."

अशात गुढीपाडव्याची रात्र आली, ३० मार्चची. मध्यरात्र उलटून गेल्यावर फोन खणखणला. सगळे घर दचकून उठले. एवढ्या रात्री फोन म्हणजे वाईटच, असे आपल्याला वाटते. पण पलीकडे भाचा ओरडत होता, "अण्णा, आम्ही जिंकलो! जादा वेळेत जिंकलो!" मेहुण्यांनी आधी कपाळाला हात लावला आणि मग विचारले, "कुठला खेळ रे हा?" दीड वर्षात पैशापलीकडचा हा त्यांचा पहिला प्रश्न.

खेळ कसा असतो?

हा हॉकीचाच प्रकार, पण मैदान बर्फाचे. पायात धारदार पात्याचे बूट आणि चेंडूऐवजी कडक रबराची चकती. चकती तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची, वजनाला साधारण १७० ग्रॅम. मैदान २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे साडेपंधरा गुंठे. एका वेळी एका बाजूचे सहा खेळाडू उतरतात, त्यांतला एक गोलरक्षक. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव होतात. घसरत धावण्यात दम इतका लागतो की खेळाडू मिनिटभरात बाहेर येतो आणि ताजा गडी आत जातो. आपल्याकडे मोटेवर बैलजोड्या आलटून पालटून जुंपत, तसेच हे.

कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा १९४८ सालापासून चालू आहे. पुरुषांच्या स्पर्धेत आता १६ संघ असतात. मार्च अखेरीस चार गावी चार-चार संघ खेळतात. हरला तो घरी गेला, दुसरी संधी नाही. उरलेले चार संघ एप्रिलमध्ये एका ठिकाणी जमतात. बरोबरी झाली तर जादा वेळ, आणि त्यात पहिला गोल करील तो जिंकला.

या जादा वेळेला अंत नसतो. २०२१ साली नॉर्थ डकोटातल्या फार्गो गावी, म्हणजे गहू आणि साखरबीटाच्या मुलुखात, मिनेसोटा दुलुथ आणि नॉर्थ डकोटा यांचा सामना झाला. दुलुथ दोन गोलांनी पुढे होता. शेवटच्या दोन मिनिटांत नॉर्थ डकोटाने दोन्ही फेडले. मग एक नाही, दोन नाही, पाच जादा डाव झाले. दुलुथच्या गोलरक्षकाच्या पायात पेटके आले आणि त्याला बाहेर यावे लागले. अखेर १४२ मिनिटांहून अधिक खेळानंतर दुलुथ ३-२ ने जिंकला. या स्पर्धेतला हा सर्वांत लांब सामना.

शेतकऱ्यांची कॉलेजे

भाच्याच्या विद्यापीठाचा संघ या वरच्या श्रेणीत २०१२ पासूनच खेळतो. त्या वर्षी त्याने आधी मेनला ५-१ आणि पाडव्याच्या रात्री कनेक्टिकटला ३-२ असे हरवले व पहिल्यांदाच शेवटच्या चारांत आला. मला यात वेगळीच गोडी वाटली. ही तिन्ही विद्यापीठे शेतीशिक्षणाच्या परंपरेतली. १८६२ साली लिंकन यांच्या सहीने कायदा झाला आणि शेती व यंत्रविद्या शिकवण्यासाठी राज्यांना सरकारी जमीन मिळाली. त्यातून अशी कॉलेजे उभी राहिली. पेन स्टेट तर १८५५ साली 'शेतकऱ्यांचे हायस्कूल' याच नावाने सुरू झाले. आपल्याकडे राहुरीला १९६८ साली कृषी विद्यापीठ निघाले, तेही या कॉलेजांचाच नमुना पुढे ठेवून.

शेती शिकणाऱ्याला हिणवणारे तिथेही आहेतच. कॉर्नेल विद्यापीठात मोठे कृषी महाविद्यालय आहे. १९७३ साली हार्वर्डच्या एका प्रेक्षकाने कॉर्नेलच्या गोलरक्षकाकडे कोंबडी फेकली, 'तुम्ही कोंबड्यावाले' अशा अर्थाने. कॉर्नेलची पोरे गप्प बसली नाहीत. हार्वर्ड बॉस्टनच्या शेजारचे आणि बॉस्टन मासेमारीचे बंदर. म्हणून हार्वर्डचा संघ आला की ती बर्फावर मासे फेकू लागली! आणि सांगायचे म्हणजे, एकही सामना न हरता, एकही बरोबरी न करता २९ पैकी २९ जिंकणारा विजेता संघ याच कॉर्नेलचा, १९७० सालचा. मी बी.एस्सी. ॲग्रीला गेलो तेव्हा 'शिकून पुन्हा मातीतच का?' असे मलाही विचारले गेले होते. त्यामुळे ही गोष्ट मी ओसरीवर दोनदा सांगितली.

बर्फ गुळगुळीत करणाऱ्या यंत्राची कथाही शेतीशी जोडलेली आहे. फ्रँक झँबोनी या माणसाने भावासह आधी दूधधंद्याला लागणारी शीतयंत्रे बनवली, मग भाजीपाला रेल्वेने धाडताना लागणाऱ्या बर्फाचा कारखाना काढला. पुढे बर्फाची मागणी घटली, तेव्हा त्याने बर्फाचे मैदान उघडले आणि १९४९ साली हे यंत्र तयार केले. एक धंदा बसला तर हातची विद्या दुसरीकडे कशी लावावी, याचा हा धडा आहे.

ओसरीवरची सकाळ

एप्रिलचा सामना सेंट लुईस शहरी होता. तिथली १० तारखेची रात्र म्हणजे आपली ११ तारखेची सकाळ. तिथे तेव्हा घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. गाईंच्या धारा काढून सगळे ओसरीवर जमले. भाच्याने आपल्या खोलीतल्या टीव्हीसमोर फोन धरला आणि इकडे पुतण्याने मोबाईलचे चित्र मोठ्या टीव्हीवर घेतले. आजीला चकती काही दिसेना. भाचा म्हणाला, "आजी, चकती शोधू नकोस. गोलरक्षक कुठे वळतो ते बघ." नवख्या माणसाने हे ध्यानी ठेवावे, म्हणजे खेळ समजू लागतो.

बॉस्टन विद्यापीठाने पेन स्टेटला ३-१ ने हरवले. पलीकडे पोरगा गप्प. बराच वेळ कोणी बोलेना. मग मेहुणे म्हणाले, "बाळा, छाटलेली बाग तू पाहिलीस ना? आज नुसतं लाकूड दिसतं. दोन आठवड्यांत फुटतंच की."

तेव्हा तो म्हणाला, "अण्णा, माझा एक विषय गेला आहे. जानेवारीपासून सांगायचं होतं. धीर झाला नाही. सोडून परत यावं, असंही मनात येत होतं."

बहिणीने पदर तोंडाला लावला. मेहुणे शांतपणे म्हणाले, "पैशाचं मी बघतो. तू अभ्यासाचं बघ. आणि फोनवर खरं बोलत जा."

अंतिम सामना १२ एप्रिलला झाला. वेस्टर्न मिशिगनने बॉस्टनला ६-२ ने हरवून पहिले विजेतेपद मिळवले. आपला संघ नसतानाही मेहुण्यांनी भाच्याला फोन लावून निकाल विचारला. भाचा परत आला नाही. तो राहिलेला विषय त्याने पुढे सोडवला.

एक इशारा

त्या अंतिम सामन्यापायी माझी मात्र फजिती झाली. मला तो स्वतःच्या मोबाईलवर पाहायचा होता. 'थेट सामना फुकट पाहा' असे लिहिलेले एक पान उघडले. त्याने 'फक्त एक रुपया' म्हणून कार्डाचा नंबर मागितला, मग ओटीपी मागितला आणि मी तोही दिला. सामना दिसला नाहीच, दोन हजार रुपये मात्र गेले. जन्मभर तुम्हाला बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल वाचायला सांगणारा मी, पण इथे काहीच वाचले नाही. म्हणून सांगतो:

१. सामना कोणताही असो, तो अधिकृत वाहिनीवर किंवा तिच्या अधिकृत ॲपवरच पाहावा. अमेरिकेत ही स्पर्धा ईएसपीएनच्या वाहिन्यांवर दाखवतात.

२. फुकटच्या नावाखाली कार्डाचा नंबर किंवा ओटीपी मागितला की पान तिथेच बंद करावे.

३. फसलात तर लाजू नका. ताबडतोब बँकेला कळवून कार्ड बंद करा आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. जितकी घाई, तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

४. मोबाईलवर चित्र पाहताना डेटा झपाट्याने संपतो. शक्य असेल तर एकाच पडद्यावर सगळ्यांनी मिळून पाहावे.

शेवटची सूचना मात्र पैशाची नाही. तुमचा मुलगा किंवा मुलगी पुण्यात असो की परदेशात, 'जेवलास का' हे जरूर विचारा. पण त्यानंतर 'सध्या काय पाहतोस रे?' हेही विचारा. तो सांगेल तो खेळ तुम्हाला कळो न कळो, घटकाभर त्याच्याबरोबर बसा. पोर खेळाबद्दल बोलता बोलता कधी स्वतःबद्दल बोलू लागते, ते समजतही नाही.