पाहिलेले गणित आणि सोडवलेले गणित

एसएटीची तारीख जवळ आली की अमेरिकेतील अनेक मराठी घरांत रात्री तेच दृश्य दिसते. अकरावीतली मुलगी लॅपटॉपसमोर बसून एकामागून एक व्हिडिओ पाहते, शिक्षकाच्या प्रत्येक पायरीला मान डोलावते आणि 'समजलं' म्हणून पुढे जाते. आठवड्याभराने सराव परीक्षेत त्याच प्रकारचे गणित चुकते. आई-वडील चक्रावतात. एवढे तास गेले कुठे?

हा प्रश्न आता अधिक महत्त्वाचा झाला आहे. करोनाकाळात अनेक विद्यापीठांनी प्रवेशासाठी ही परीक्षा ऐच्छिक केली होती. एमआयटीने २०२२ मध्ये, तर डार्टमथ, ब्राऊन आणि हार्वर्ड यांनी २०२४ मध्ये प्रमाणित परीक्षेचे गुण पुन्हा अनिवार्य करण्याचा निर्णय जाहीर केला.

साधनांची मात्र आज वानवा नाही. सलमान खान यांनी २००४ मध्ये नात्यातल्या एका बहिणीला दूरवरून गणित शिकवण्यास सुरुवात केली आणि त्यातून पुढे खान अकॅडमी उभी राहिली. २०१५ पासून कॉलेज बोर्डाच्या सहकार्याने तेथे एसएटीचा सराव विनामूल्य मिळतो. महागड्या शिकवणीवाचून तयारी करणे त्यामुळे शक्य झाले. तरीही व्हिडिओ पाहणे आणि गणित येणे यांत अंतर उरतेच. ते का, हे एका उदाहरणाने पाहू.

३क्ष + २य = १७ आणि २क्ष + ३य = १३, तर क्ष + य किती?

बहुतेक विद्यार्थी लगेच एका चलाचा लोप करून आधी क्ष, मग य काढतात आणि शेवटी बेरीज करतात. उत्तर बरोबर येते, पण वेळ जातो. प्रश्नात क्ष आणि य वेगवेगळे विचारलेलेच नाहीत. दोन्ही समीकरणांची बेरीज केली की ५क्ष + ५य = ३० मिळते, म्हणून क्ष + य = ६. महाराष्ट्रात दहावीचे बीजगणित शिकलेल्या पालकांना सहगुणकांची अदलाबदल असलेली ही समीकरणे ओळखीची वाटतील.

व्हिडिओत शिक्षक ही बेरीज करतो तेव्हा ती अगदी सोपी भासते. खरे कौशल्य मात्र बेरीज करण्यात नसून बेरीज करावी हे सुचण्यात आहे, आणि तो निर्णय शिक्षकाने आपल्या वतीने आधीच घेतलेला असतो. परीक्षेत तो आपल्यालाच घ्यावा लागतो. एसएटीच्या गणित विभागात ७० मिनिटांत ४४ प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला साधारण दीड मिनिट. शिवाय २२ प्रश्नांच्या पहिल्या भागातील कामगिरीवरून दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते. सोपा दुसरा भाग वाट्याला आला, तर सर्वोच्च गुणांपर्यंत पोहोचता येत नाही. परीक्षेच्या पडद्यावर आलेख काढणारा कॅल्क्युलेटर दिलेला असतो, पण काय विचारले आहे हे तो सांगत नाही.

समजल्याचा हा आभास संशोधनातही दिसून आला आहे. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी एकदा वाचून तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिले होते. तो प्रयोग गणिताचा नव्हता, तरी त्याचा धडा इथेही लागू पडतो.

म्हणून व्हिडिओ सोडू नयेत, पाहण्याची रीत बदलावी. प्रश्न पडद्यावर येताच व्हिडिओ थांबवावा आणि कागद-पेन्सिल घेऊन किमान तीन मिनिटे स्वतः झगडावे. अडल्यास पुढची एकच पायरी पाहून पुन्हा थांबवावे. गणित पूर्ण झाले की लॅपटॉप मिटून ते कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवावे आणि तीन-चार दिवसांनी आणखी एकदा. चुकांची वेगळी वही ठेवावी. तिच्यात उत्तराबरोबर चुकीचे कारणही लिहावे: प्रश्न नीट वाचला नाही, चिन्ह चुकले, की रीतच सुचली नाही? पहिल्या दोन चुकांवर सावकाश वाचणे आणि पडताळा घेणे हाच उपाय आहे. व्हिडिओची खरी गरज तिसऱ्या चुकीला असते.

या पद्धतीने तासाभरात कदाचित पाचच गणिते होतील आणि वीस व्हिडिओ पाहिल्याचे समाधान मिळणार नाही. पालकांनीही 'किती व्हिडिओ झाले?' असे विचारण्याऐवजी 'आजचे एक गणित मला समजावून सांग' असे म्हणून पाहावे. पायरी सांगताना मुलगी जिथे अडखळेल, तिथून दुसऱ्या दिवशीचा अभ्यास सुरू करता येईल.